मधुमेहाचे पूर्वरूप आणि आपले घरचे डॉक्टर

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी या वर्षी मला आरोग्यविषयक काही बोलावे असा आग्रह केला, तेव्हा प्रथम मला संकोच वाटला. मी डॉक्टर नव्हे आणि वैद्यही नव्हे. मॅट्रिक झालो, प्राथमिक शाळेत मुलांना शिकविले आणि यथाकाल निवृत्त झालो. परंतु शिक्षकाला एक विद्या अनायासे येते, ती म्हणजे गुणपत्रिका वाचण्याची. सहामाही परीक्षेत जो मुलगा काठावर असतो, त्याच्याकडे दिवाळीनंतर लक्ष पुरविले तर तो वार्षिक परीक्षेत तरून जातो. तो नापास झाल्यावर शिकवणी लावण्यात फारसा अर्थ उरत नाही. आज मी ज्या अवस्थेविषयी बोलणार आहे, ती अशीच सहामाहीच्या गुणपत्रिकेसारखी आहे. तिला इंग्रजीत प्रीडायबेटिस म्हणतात. आपण तिला मधुमेहाचे पूर्वरूप म्हणू.

आपल्या भंडारा जिल्ह्यात हा शब्द कोणी वापरीत नाही. येथे सर्वत्र एकच वाक्य ऐकू येते : "काही नाही जी काकाजी, साखर बॉर्डरवर आहे." डॉक्टर असे म्हणतात, कंपाउंडर असे म्हणतो, आणि घरी परत आलेला मनुष्य आपल्या बायकोला तेच सांगतो. बॉर्डर म्हटले की आपल्या मनात एक रेघ येते. रेघेच्या अलीकडे निर्धास्त, पलीकडे रोग. वस्तुतः येथे रेघ नसून एक चांगला रुंद पट्टा आहे. तुमसर तालुक्यात बावनथडी ओलांडली की मध्यप्रदेश लागतो, हे तेथील लहान मूलही सांगेल. पण त्या नदीच्या पात्रातच एखादा मनुष्य वर्षानुवर्षे उभा राहिला, तर तो कोणत्या राज्यात आहे असे आपण म्हणाल? पाणी चढू लागले की त्याला कोठल्या तरी काठावर जावेच लागते. त्याने कोणत्या काठाला लागावे, हे बरेचसे त्याला वेळीच कोणी हाक मारली की नाही यावर अवलंबून असते.

आता आकडे सांगतो. ते वहीत लिहून घ्यावेत. रात्रभर, म्हणजे निदान आठ तास, काही न खाता सकाळी रक्त दिले, आणि त्यात साखर १०० च्या आत निघाली, तर ती निरोगी समजतात. १२६ किंवा अधिक निघाली तर मधुमेह. १०० ते १२५ हा मधला पट्टा. दुसरी परीक्षा अशी की, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यावयास देतात आणि बरोबर दोन तासांनी रक्त घेतात. त्यात १४० च्या आत असेल तर ठीक, २०० किंवा अधिक असेल तर मधुमेह, आणि १४० ते १९९ म्हणजे पूर्वरूप. तिसरी परीक्षा एचबीए१सी नावाची आहे. तिच्यात मागील दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी कळते. ५.७ पासून ६.४ पर्यंत पूर्वरूप, ६.५ पासून पुढे मधुमेह. मधुमेहाचा आकडा निघूनही काही लक्षणे नसतील, तर डॉक्टर पुन्हा एकदा तपासून मगच शिक्कामोर्तब करतात, हेही ध्यानात असावे.

या अवस्थेत मनुष्याला काहीही होत नाही. तहान लागत नाही, अशक्तपणा येत नाही, रात्री वारंवार उठावे लागत नाही. म्हणूनच तो आपण होऊन डॉक्टरकडे जात नाही. शरीरात मात्र उलाढाल चाललेली असते. स्वादुपिंड इन्सुलिन निर्माण करते, पण स्नायू आणि यकृत त्याचे ऐकेनासे होतात. मग स्वादुपिंड अधिक इन्सुलिन ओतते, आणि काही वर्षे कसाबसा मेळ बसतो. पुढे त्याचीही शक्ती सरते. आपला जिल्हा तलावांचा आहे. तलावाची पाळ फुटण्यापूर्वी ती बाहेरच्या अंगाने ओलसर होऊ लागते, हे आपल्या आजोबा-पणजोबांना पक्के ठाऊक होते. पाळीवर फेरी घालणारा माणूस ओल कोठे आहे एवढेच पाहत असे. शरीराच्या पाळीवर फेरी घालणारा माणूस म्हणजे आपला घरचा डॉक्टर होय, आणि माझ्या आजच्या भाषणाचा विषय मुख्यतः तोच आहे.

तत्पूर्वी आपल्या जुन्या ग्रंथांचा थोडा उल्लेख करतो. त्यांत सर्व काही आहे असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तथापि चरक आणि सुश्रुत या दोघांनीही प्रमेहाची पूर्वरूपे स्वतंत्रपणे सांगितली आहेत, ही गोष्ट खरी आहे. रोग प्रकट होण्यापूर्वी त्याची एक पायरी असते, हा विचार आपल्याकडे नवा नाही. सुश्रुताने प्रमेहाचे दोन प्रकार केले : एक जन्मतःच आलेला आणि दुसरा अपथ्यामुळे झालेला. पहिल्यातला रोगी कृश असतो व दुसऱ्यातला स्थूल, हेही त्याने नोंदविले. निर्धन रोग्याला त्याने सांगितलेला उपाय तर मोठा गमतीचा आहे. त्याने शंभर योजने चालावे, गाईंच्या मागे हिंडावे, विहीर खणावी! आमच्या तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणारे बहुतेक डॉक्टर आयुर्वेदाची पदवी घेतलेले आहेत. त्यांना पूर्वरूप हा शब्द परका नाही. तो ग्रंथातून उचलून तपासणीच्या टेबलावर आणावयाचा, इतकेच बाकी आहे.

माझ्या लहानपणी मोठ्या गावांतून एल.एम.पी. झालेले वृद्ध डॉक्टर असत. नागपूरच्या रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून ही मंडळी तयार होऊन येत. पुढे १९४७ साली नागपुरास मेडिकल कॉलेज निघाले. त्या जुन्या डॉक्टरांजवळ यंत्रे नव्हती, पण घर ठाऊक असे. हिच्या आईला मधुमेह होता, हिला चौथे मूल साडेचार किलोचे झाले, हिचा भाऊ पक्षाघाताने गेला, हे सारे त्यांच्या डोक्यात असे. आज रक्ततपासणी गावोगाव झाली. परंतु गेल्या वर्षी एक डॉक्टर, या वर्षी दुसरा, नागपूरचा तिसरा, अशी आपली धाव असते. त्यामुळे घराण्याची हकीकत कोणाजवळच राहत नाही. या बाबतीत सगळा दोष डॉक्टरांवर ढकलून चालणार नाही.

आमच्या गावचे एक गृहस्थ आहेत. धानाची शेती, अंगाने सडपातळ, वय त्या वेळी ४८. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्यांचे रक्त तपासले, तेव्हा उपाशीपोटी साखर ११४ निघाली. "शस्त्रक्रियेला हरकत नाही" असे त्यांना सांगण्यात आले, आणि ते खरेही होते. साखरेविषयी विचारले तेव्हा तेच उत्तर मिळाले : बॉर्डरवर आहे, गोड कमी खा. तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फळीवर ठेवला. चहातली साखर महिनाभर बंद केली, मग पुन्हा सुरू झाली. चार वर्षांनी रोवणीच्या वेळी चिखलात पायाला काटा रुतला आणि जखम भरेना. तेव्हा साखर ३०० च्या वर होती. पायाचे एक बोट गेले. त्यांना खोटे कोणीच सांगितले नव्हते. फक्त "पुन्हा केव्हा तपासावयाचे" हे एक वाक्य कोणी बोलले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही.

असे का होते? डॉक्टर निष्काळजी असतात, हे उत्तर सोपे आहे आणि ते अपुरे आहे. एक कारण असे की, हे आकडेच मध्यंतरी बदलत गेले. १९९७ पूर्वी उपाशीपोटीची साखर १४० झाली म्हणजे मधुमेह, असा नियम अमेरिकेतील मधुमेह संघटनेने मानलेला होता. १९९७ साली ती मर्यादा १२६ वर आली. पूर्वरूपाची खालची मर्यादा त्या संघटनेने २००३ साली ११० वरून १०० वर आणली. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र ११० च कायम ठेवली. एचबीए१सी ही निदानाची परीक्षा म्हणून अमेरिकेत मान्य झाली ती २०१० साली. आता जे डॉक्टर १९९० च्या सुमारास पदवी घेऊन तालुक्याला येऊन बसले, त्यांच्या पाठ्यपुस्तकात कोणता आकडा असेल याचा विचार करा. भूगोलाच्या पुस्तकात जिल्ह्यांची संख्या बदलली की आम्हा शिक्षकांना नवे पुस्तक मिळत असे. १९९९ च्या मे महिन्यात गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तेव्हा आम्ही नवा नकाशा भिंतीवर टांगला. डॉक्टरांच्या भिंतीवर नवा नकाशा कोणी आणून टांगीत नाही. तो त्यांचा त्यांनीच शोधावा लागतो, आणि तोही दिवसाकाठी साठ रोगी तपासून झाल्यावर.

ही अडचण केवळ आपल्या मागासलेल्या भागाची आहे असे समजू नये. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स या विख्यात विद्यापीठाच्या संशोधकांनी प्राथमिक उपचार करणाऱ्या १४० डॉक्टरांना प्रश्नपत्रिका दिली. तिचा निकाल २०१७ साली प्रसिद्ध झाला. कोणाची तपासणी करावी हे ठरविणाऱ्या सर्व धोक्यांच्या खुणा बरोबर ओळखणारे डॉक्टर शेकडा ६ निघाले. पूर्वरूपाचे उपाशीपोटीचे आणि एचबीए१सीचे आकडे दोन्ही बरोबर सांगणारे शेकडा १७ होते. आहार-व्यायामाच्या शिस्तबद्ध कार्यक्रमाला रोग्याला पाठविणे हा पहिला उपाय म्हणून निवडणारे शेकडा ११. मी आयुष्यभर परीक्षा घेतल्या, म्हणून मला तो निकाल पाहून हसू आले नाही. जेव्हा अख्खा वर्ग नापास होतो, तेव्हा पोरांपेक्षा अभ्यासक्रमाकडे पाहावे लागते.

त्या प्रश्नपत्रिकेचे तीन भाग मला महत्त्वाचे वाटतात : कोणाला तपासावे, कशाने तपासावे, आणि आकडा निघाल्यावर काय सांगावे. आपल्या भागात या तिन्ही ठिकाणी काही खास गोष्टी आहेत. त्या पुस्तकातून वाचून मी थोड्या विस्ताराने मांडतो, कारण ऐकणाऱ्यांत काही डॉक्टर मंडळीही बसली आहेत आणि चूक असल्यास ती मला येथेच थांबवतील.

पहिली गोष्ट कृश माणसाची. मधुमेह हा जाड्या, बैठ्या, पैसेवाल्या लोकांचा रोग अशी आपली समजूत आहे, आणि डॉक्टरही पुष्कळदा पोट पाहूनच तपासणी लिहितात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समजुतीला मोठा धक्का दिला. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडमधील डॉ. युडकिन यांनी स्वतःच्याच शरीराची तुलना 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही सारखाच, २२.३. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन साहेबांच्या शरीरात ती शेकडा ९.१, आणि आपल्या याज्ञिकांच्या शरीरात शेकडा २१.२! छायाचित्रात दोघेही सारखेच सडपातळ दिसतात. पुणे जिल्ह्यातील खेड्यांमध्ये १९९३ पासून याज्ञिकांनी गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालविला, त्यातही हेच दिसले की आपली बाळे वजनाने लहान जन्मतात, पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी मात्र राखलेली असते. म्हणजे आईच्या पोटातच या गोष्टीचे बीज पडते. म्हणून आपल्याकडे वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेप महत्त्वाचा आहे. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीची ८० सेंटिमीटर, याच्या पुढे गेली तर सावध व्हावे.

दुसरी गोष्ट रक्ताच्या नमुन्याची. ती ऐकावयास किरकोळ वाटेल. रक्त साध्या नळीत घेऊन तसेच ठेवले तर रक्तातील पेशी स्वतःच ती साखर खात राहतात, आणि तासागणिक ती शेकडा पाच-सात या मानाने उतरते. गावात सकाळी सातला रक्त काढले, ते तालुक्याच्या प्रयोगशाळेत दुपारी पोहोचले, आणि दिवस मे महिन्याचा असला, तर ११८ चे ९५ झालेले असावयाचे. त्यासाठी फ्लोराइड घातलेली, करड्या झाकणाची नळी असते. बोट टोचून छोट्या यंत्रावर घेतलेली साखर ही चाळणीसाठी ठीक आहे, निदानासाठी नव्हे. आणि उपाशीपोटी म्हणजे उपाशीपोटीच. एस.टी. पकडण्यापूर्वी अर्धा कप चहा घेऊन येणारे आपण सर्व आहोत, हे डॉक्टर जाणतात आणि म्हणून पुष्कळदा कंटाळून जेवणानंतरचा वाटेल तेव्हाचा आकडा घेऊन मोकळे होतात.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ती खास पूर्व विदर्भाची आहे. आपल्या भागात सिकलसेलचे वाहक आणि रुग्ण अनेक समाजांत आढळतात. मी मघाशी एचबीए१सी सांगितली. ही परीक्षा तांबड्या पेशींतील रंजकद्रव्याला किती साखर चिकटली हे मोजते, आणि निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते हे त्यात गृहीत धरलेले असते. सिकलसेलच्या रुग्णाच्या पेशी त्याच्या पुष्कळ आधी मरतात. साखर चिकटण्यास अवधीच मिळत नाही, म्हणून आकडा खोटाच कमी येतो. जो केवळ वाहक आहे, त्याच्या बाबतीत कोणत्या पद्धतीच्या यंत्राने मोजले यावर आकड्याचा भरवसा अवलंबून असतो. उलटपक्षी लोहाच्या कमतरतेने पांडुरोग झालेल्या स्त्रीचा आकडा खरा असावा त्याहून अधिक येऊ शकतो. आता आपल्या घरांतील किती स्त्रियांना लोहाची कमतरता आहे, हे मी सांगावयास नको. तात्पर्य, मुंबईचा डॉक्टर एका एचबीए१सीवर काम भागवील, परंतु भंडाऱ्याच्या डॉक्टरने प्रथम "सिकलसेलची तपासणी झाली आहे काय?" हे विचारले पाहिजे. आणि त्याने विचारले नाही, तर आपण आपले सिकलसेलचे कार्ड पुढे केले पाहिजे. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली, त्यापूर्वीपासूनच आपल्या राज्यात ही तपासणी चालू आहे. कार्ड पुष्कळांजवळ असते. ते लग्न ठरविताना लपविले जाते आणि दवाखान्यात विसरले जाते.

अशा वेळी ७५ ग्रॅम ग्लुकोजची जुनी परीक्षाच खरी कामाची. काहींची उपाशीपोटीची साखर अगदी साफ असते आणि दोन तासांनंतरची मात्र १६० निघते. ही माणसे दुसऱ्या कोणत्याही मार्गाने सापडत नाहीत. परंतु या परीक्षेला दोन तास दवाखान्यात बसून राहावे लागते, आणि मध्ये चहा-तंबाखू चालत नाही. रोगी कुरकुर करतो म्हणून डॉक्टर सांगत नाहीत, डॉक्टर सांगत नाहीत म्हणून रोग्याला माहीत नसते. गरोदरपणी ज्या सुनेला किंवा लेकीला साखर आली होती, तिने तर बाळंतपणानंतर काही आठवड्यांनी ही परीक्षा करून घेतलीच पाहिजे, आणि पुढेही ठराविक मुदतीने साखर तपासत राहिले पाहिजे. बाळंतीण झाली, साखर उतरली, आता काय, असे म्हणून सासर आणि माहेर दोन्ही घरे तिला विसरतात.

आता तिसरा भाग, आकडा निघाल्यावर काय सांगावे. "गोड कमी खा" हे सांगणे म्हणजे नापास होणाऱ्या मुलाला "अभ्यास कर" म्हणण्यासारखे आहे. काय, किती, केव्हा, हे सांगितल्यावाचून त्याचा उपयोग नाही. येथे आपल्या देशातील एक प्रयोग मोठा उद्बोधक आहे. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी पूर्वरूपाच्या अवस्थेतील ५३१ स्त्री-पुरुषांचे चार गट केले. एकाला नेहमीचा तोंडी सल्ला, दुसऱ्याला चालणे आणि आहार यांची नियमित शिकवण व पाठपुरावा, तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी, चौथ्याला दोन्ही. निकाल २००६ साली प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच-तीन वर्षांत पहिल्या गटातील शेकडा ५५ लोकांना मधुमेह झाला. चालणे व आहार पाळणाऱ्यांत ३९.३, गोळी घेणाऱ्यांत ४०.५, दोन्ही करणाऱ्यांत ३९.५. म्हणजे रोज अर्धा तास झपाझप चालण्याने आणि ताट बदलल्याने जे साधले, त्याहून गोळीने अधिक काही साधले नाही. विशेष म्हणजे या लोकांचे वजन फारसे उतरलेही नव्हते, तरी फायदा झाला. कृश माणसाने हे ध्यानात ठेवावे. तसेच याची दुसरी बाजूही मी लपवीत नाही : नियम पाळूनही शंभरातील एकोणचाळीस रोगात पडलेच. पाठपुरावा म्हणून आवश्यक आहे. या अवस्थेत निदान वर्षातून एकदा साखर तपासावी असे सांगतात.

आपले ताट म्हणजे भात. सकाळी भात, रात्री भात, आणि मधल्या वेळेस पोहे किंवा मुरमुरे, म्हणजे तेही तांदूळच! भात सोडा असे मी म्हणणार नाही, म्हटले तरी आपण ऐकणार नाही, आणि धानाच्या जिल्ह्यात ते शोभणारही नाही. भाताचा डोंगर लहान करावा, डाळ आणि भाजी यांचा वाटा वाढवावा, प्रथम भाजी-डाळ खाऊन मग भाताला हात घालावा. जवसाची चटणी, तलावाची मासोळी, हिरव्या पालेभाज्या, ज्वारीची भाकरी, हे सर्व आपल्याच घरचे आहे. पूर्वी एवढाच भात खाऊन आपले वडील निरोगी होते, असा एक आक्षेप नेहमी येतो. ते चिखलणी नांगराने करीत, रोवणी-कापणी हाताने करीत आणि बाजाराला पायी जात. आता ट्रॅक्टरने चिखलणी आणि हार्वेस्टरने कापणी होते, पानठेल्यापर्यंत जावयास मोटारसायकल लागते, परंतु ताट मात्र आजोबांचेच आहे.

आपण कितपत धोक्यात आहोत हे पाहण्यासाठी रक्तही काढावे लागत नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. मोहन यांच्या संस्थेने २००५ साली एक गुणपद्धती प्रसिद्ध केली. वय ३५ च्या आत असेल तर ०, ३५ ते ४९ ला २०, पन्नाशीपुढे ३०. कंबर पुरुषाची ९० च्या आत आणि स्त्रीची ८० च्या आत असेल तर ०, त्यापुढील दहा सेंटिमीटरपर्यंत १०, त्याहून अधिक असेल तर २०. आईबापांपैकी एकास मधुमेह असेल तर १०, दोघांस असेल तर २०. शेवटी श्रम. व्यायामही करतो आणि कामही कष्टाचे, त्यास ०. यांपैकी एकच असेल तर २०. दोन्ही नाहीत, त्यास ३०. शंभरापैकी ज्यास ६० किंवा अधिक मिळतील त्याने रक्त तपासून घ्यावे. आयुष्यात ही एकच परीक्षा मी पाहिली की जिच्यात पहिल्या वर्गात येणाऱ्याचे अभिनंदन करता येत नाही. हा तक्ता डॉक्टरांनी दाराबाहेर बाकावर बसलेल्या रोग्यांकडून भरून घेतला, तर त्यांची दोन मिनिटेही खर्च होणार नाहीत.

या प्रश्नाचा आकार केवढा आहे, तेही थोडक्यात सांगतो. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पाहणीचा पहिला निकाल २०११ साली आला, त्यात महाराष्ट्रातील प्रौढांपैकी शेकडा ८.४ मधुमेही आणि शेकडा १२.८ पूर्वरूपाच्या अवस्थेत आढळले. २०२३ साली देशभरचा हिशेब प्रसिद्ध झाला. त्यात मधुमेही १० कोटी १० लाख, आणि पूर्वरूपाचे १३ कोटी ६० लाख. रोग्यांपेक्षा उंबरठ्यावर उभे असलेले अधिक आहेत. सरकारने २०१० साली कर्करोग, मधुमेह, हृदयरोग व पक्षाघात यांविरुद्ध जो राष्ट्रीय कार्यक्रम काढला, त्याच्या पहिल्या शंभर जिल्ह्यांत आपला भंडारा होता. आज उपकेंद्राच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी विनामूल्य होते, आणि आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात. त्यांना "आमच्याकडे कोणाला काही नाही" असे दारातूनच सांगून पाठवू नये. डॉक्टरांसाठीही सोय आहे. भारतीय सार्वजनिक आरोग्य प्रतिष्ठान आणि डॉ. मोहन यांची संस्था यांनी २०१० साली मधुमेहाचा एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू केला. तो खास दवाखाना चालविणाऱ्या डॉक्टरांसाठी असून, त्यात महिन्यातून एकदाच वर्गाला जावे लागते. आपल्या समाजातील जे तरुण डॉक्टर झाले आहेत, त्यांनी असले शिक्षण घ्यावे, आणि मंडळाने विद्यार्थ्यांप्रमाणे त्यांचाही सत्कार करावा, अशी माझी कार्यकारिणीस सूचना आहे.

जाता जाता एका नाजूक गोष्टीस हात घालतो. आपल्याकडे साखर लपविली जाते. मुलीचे लग्न व्हावयाचे आहे, बापाला मधुमेह आहे हे कळले तर सोयरीक मोडेल, ही भीती मी घरोघर पाहिली आहे. बाप मग तपासूनच घेत नाही, आणि मुलगी डॉक्टरसमोर बसून "माहेरी कोणाला नाही" असे सांगते. डॉक्टर ते लिहून घेतात आणि त्या वीस गुणांवर काट बसते. डॉक्टरांचे ज्ञान कितीही चांगले असले, तरी खोट्या हकिकतीपुढे ते काय करणार? मंडळाच्या वधूवर सूचीत गोत्र, शिक्षण, शेती हे रकाने आहेत. त्यांत रोगाचा रकाना घालावा असे माझे म्हणणे नाही. त्याने लपवाछपवी अधिकच वाढेल. परंतु प्रत्येक घरात एक वही असावी. तिच्यात आजा-आजीपासून कोणाला काय झाले, कोणाची साखर कोणत्या तारखेला किती होती, सिकलसेलची तपासणी झाली किंवा नाही, एवढे लिहिलेले असावे. डॉक्टर बदलला तरी वही बदलू नये. जुन्या एल.एम.पी. डॉक्टरांच्या डोक्यात जे होते ते आता आपणच सांभाळावयाचे आहे. आणि दवाखान्यातून उठण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत : आकडा नक्की किती, तो कोणत्या परीक्षेचा, आणि पुन्हा केव्हा यावयाचे. नम्रपणे विचारल्यास कोणतेही डॉक्टरसाहेब रागावत नाहीत, असा माझा अनुभव आहे. एखादे रागावलेच, तर त्यांना चिटणीसांचे नाव सांगावे.

महिला शाखेच्या भगिनींनी मंडपाच्या उजव्या दाराशी टेबल मांडले आहे. तेथे टेप आहे आणि गुणांचा तक्ता छापलेले कागद आहेत. पुरुषांची व स्त्रियांची रांग वेगळी आहे. ज्यांनी गेल्या वर्षभरात रक्त तपासले असेल, त्यांनी आकडा आठवत असल्यास कागदाच्या मागे लिहावा, आणि "बॉर्डरवर" असे लिहू नये. पंगती साडेबाराला बसतील. पहिल्या पंगतीत भाजी दोनदा फिरवावी असे वाढप्यांना सांगून ठेवले आहे.